रिपोर्टमध्ये लाल आकडा आईचा, पण काळजी नानांची

पत्र : नमस्कार डॉक्टर, मी सोलापूरची. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ७८, आई ७१ वर्षांची. दीड वर्षापूर्वी नानांच्या मांड्या, कंबर खूप दुखायची, खाली बसलं की उठता यायचं नाही, तेव्हा डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी तपासलं ते ९ आलं. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी आठ आठवडे दिली. नानांना इतका फरक पडला की त्यांनी ती बंदच केली नाही, अजून दर रविवारी दुधातून घेतात, मेडिकलवाला ओळखीचा आहे, तो देतो. गेल्या आठवड्यात दोघांचं फुल बॉडी चेकअप केलं. नानांचं डी ९२, नॉर्मल. आईचं २४, ते लाल अक्षरात आणि पुढे 'अपुरं' असा शेरा. नाना म्हणतात आईलाही पुडी सुरू करा. आई म्हणते मी रोज सकाळी सातला गॅलरीत कोवळ्या उन्हात बसते मग मला कमी कसं? ती पक्की शाकाहारी, ही औषधं कशापासून बनतात तेही तिला विचारायचंय. नानांना बीपीची गोळी आहे (टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र), हल्ली पोट साफ होत नाही म्हणतात आणि रात्री पाणी प्यायला दोनतीनदा उठतात, पण ते वयामुळे असेल. आई थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम सकाळी एकदमच घेते. तर आईला पुडी द्यावी का?

उत्तर :

ताई, तुम्ही प्रश्न आईचा विचारलाय पण मी आधी नानांबद्दल बोलणार आहे, आणि पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम कोणतं करायचं असेल तर नानांची पुडी आजच बंद करा. येत्या रविवारी नको, "ही एवढी उरलेली संपवू" असंही नको. डी बंद केल्याने अंगावर काही येत नाही, शरीरात भरपूर साठा आहे त्यांच्या. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती डॉक्टरांना विचारूनच.

आणि दुसरं, उद्या परवाच्यात त्यांचं रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते) तपासून घ्या. चेकअपच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम कदाचित असेलही, आधी तो कागद नीट बघा, बहुतेक पॅकेजमध्ये असतं आणि आपण फक्त लाल अक्षरं बघून कागद फाईलला लावतो.

आता का ते सांगते. आठवड्याला साठ हजार म्हणजे रोजचे साधारण साडेआठ हजार युनिट झाले. मोठ्या माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घ्यायची वरची मर्यादा ४००० युनिट धरतात, आणि सत्तरीच्या पुढच्या माणसाची रोजची गरज आहे ८०० युनिटची. दीड वर्ष म्हणजे अठ्ठ्याहत्तर आठवडे, गुणाकार करा, सत्तेचाळीस लाखांच्या आसपास युनिट नानांच्या पोटात गेलेत. रोज ८०० च्या हिशोबाने हा सोळा वर्षांचा साठा आहे. ब किंवा क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, डी चं तसं नाही, ते चरबीत विरघळणारं आहे, अंगातल्या चरबीत साठून राहतं आणि पुडी बंद केल्यावरसुद्धा आकडा हळूहळू, आठवड्यांच्या महिन्यांच्या हिशोबाने खाली येतो.

तुम्ही म्हणाल पण रिपोर्टमध्ये तर ९२ ला नॉर्मल लिहिलंय. हो, कारण बऱ्याच लॅबच्या कागदावर ३० ते १०० अशी चौकट छापलेली असते आणि कॉम्प्युटर त्या चौकटीच्या आत असलेल्या प्रत्येकाला काळ्या अक्षरात छापतो. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने २०११ च्या अहवालात सांगितलं होतं की बहुतेक लोकांच्या हाडांना दर मिलिलिटर रक्तात २० नॅनोग्रॅम पुरतं (रिपोर्टमधले आकडे याच मापात आहेत), आणि ५० च्या वर सतत राहणं काळजी करण्यासारखं आहे. खरी विषबाधा सहसा दीडशेच्या पुढे दिसते, त्यामुळे ९२ ला मी विषबाधा म्हणणार नाही, तुम्ही घाबरून जाऊ नका. पण नानांच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्यात आणि म्हणून मला स्वस्थ बसवत नाही. एक तर डी आधीच इतकं वर आहे आणि पुडी अजून चालूच आहे. दुसरं म्हणजे ती क्लोरथॅलिडोनची गोळी, बीपीसाठी चांगली आहे पण ती लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवते, आणि डी आतड्यातून कॅल्शियम जास्त ओढतं, म्हणजे आत येणारं वाढलं आणि बाहेर जाणारं कमी झालं. आणि तिसरं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत ते, पोट साफ न होणं आणि रात्री तहान लागून उठणं. रक्तात कॅल्शियम वाढलं की नेमकं हेच होतं. बद्धकोष्ठ, तहान, लघवी जास्त, भूक मरते, मळमळतं, माणूस सुस्तावतो, पुढे गोंधळल्यासारखा वागतो आणि किडनीवर ताण येतो. हे वयामुळेही असू शकतं, साखर वाढल्यानेही तहान लागते, तीही तपासा. पण "वयामुळे असेल" हे वाक्य सगळं तपासून झाल्यावर म्हणायचं असतं, आधी नाही. मी इतकी वर्षं प्रॅक्टिस केली, म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान याच एका वाक्याने झालेलं पाहिलंय.

उलट्या व्हायला लागल्या, खूप झोप येत राहिली, बोलण्यात गोंधळ वाटला किंवा लघवी एकदम कमी झाली तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या, आणि तिथे पहिलं वाक्य हेच सांगा की दीड वर्ष साठ हजारची पुडी दर आठवड्याला चालू होती. घरचे ही गोष्ट सांगतच नाहीत हो, कारण "व्हिटॅमिनच तर आहे", ते औषधात धरलंच जात नाही, मग डॉक्टर बिचारे सगळीकडे शोधत बसतात.

नानांची बाजू पण मी समजू शकते. त्यांना फरक पडला तो खराच पडला असणार. ९ म्हणजे खरोखर कमी होतं, आणि इतकं कमी असलं की हाडं मऊ पडतात, मांड्यांचे स्नायू थकतात, खालून उठता येत नाही, जिना चढता येत नाही, बरगड्या आणि कंबर ठणकते. अशा माणसाला डी दिलं की दोन तीन महिन्यांत तो चालायला लागतो, मी पाहिलंय, घरचे म्हणतात जादू झाली. त्यांच्या डॉक्टरांनी आठ आठवडे दिलं ते बरोबरच होतं. चुकलं ते नवव्या आठवड्यापासूनचं. डी हे मिठासारखं आहे बघा, भाजीत नसलं तर घास उतरत नाही, पण चिमूटभराने चव आली म्हणून मूठभर टाकलं तर तीच भाजी फेकून द्यावी लागते. आणि मेडिकलवाल्या दादांना मी दोष देत नाही, पण चिठ्ठीवर "८ आठवडे" लिहिलेलं असताना अठ्ठ्याहत्तराव्या आठवड्याला पुडी मिळते याचा विचार आपण सगळ्यांनीच करायला पाहिजे. काही घरांत तर आठवड्याची पुडी गैरसमजाने रोज घेतली जाते, तेव्हा तर फारच वाईट होतं, म्हणून सांगते की अशा पुडीच्या डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात वार लिहा आणि संपायची तारीख लिहा.

नानांचं पुढे काय? कॅल्शियम नॉर्मल आलं तर फक्त थांबायचं, पाणी नीट प्यायचं (किडनी किंवा हार्टचं काही नसेल तर), तीन चार महिन्यांनी डी परत बघायचं आणि आकडा उतरला की डॉक्टरांना विचारून रोजची छोटी गोळी, आठशे ते हजार युनिटची. कॅल्शियम वाढलेलं आलं तर मग हे घरी करायचं काम नाही, फिजिशियनकडे जा, बीपीची गोळी बदलायची का ते तेच ठरवतील. आणि हो, घरात अजून कुठे डी लपलंय का ते बघा, मल्टिव्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, कॅल्शियमची गोळी, या सगळ्यात थोडं थोडं असतं, सगळ्याची बेरीज धरायची.

आता आई. ताई, २४ ला लाल रंग का लागला ते ऐका. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) सांगितलं होतं की २० च्या खाली म्हणजे कमतरता, २१ ते २९ म्हणजे अपुरं आणि ३० च्या वर म्हणजे पुरेसं. सगळ्या लॅबनी ती चौकट उचलली आणि एका रात्रीत अर्धं जग "अपुरं" झालं. त्याच सोसायटीने २०२४ मध्ये नवी गाईडलाईन काढली आणि ३० चा आग्रह स्वतःच सोडला, शिवाय तब्येत ठीक असलेल्या माणसाची डी ची तपासणी सरसकट करू नका असंही म्हटलं. पण लॅबच्या कागदावरचा रंग अजून जुनाच आहे. तेव्हा आईला २४ साठी साठ हजारची पुडी नको. अजिबात नको. तिची हाडं दुखतात, उठता बसता येत नाही किंवा फ्रॅक्चर झालंय असं काही तुम्ही लिहिलं नाहीये.

मोठा डोस एकदम देण्याबद्दल मी एवढी ठाम का आहे तेही सांगते, कारण लोकांना वाटतं रोज रोज गोळी कोण लक्षात ठेवेल, एकदाच काय ते देऊन टाका. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २२५६ बायकांवर अभ्यास झाला, अर्ध्या जणींना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, अर्ध्या जणींना नुसती खोटी गोळी. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा सगळे चकित, कारण डी मिळालेल्या बायका जास्त पडल्या, १५ टक्क्यांनी जास्त, आणि फ्रॅक्चर २६ टक्क्यांनी जास्त. मग २०१६ मध्ये स्वित्झर्लंडच्या झुरिकमधला अभ्यास आला, आधी पडून झालेले सत्तरीच्या पुढचे २०० लोक, काहींना महिन्याला २४ हजार आणि काहींना महिन्याला ६० हजार, म्हणजे आपल्याकडची तीच पुडी. वर्षभरात ६० हजारवाल्यांपैकी ६७ टक्के लोक पडले, २४ हजारवाल्यांपैकी ४८ टक्के. जास्त डोसने रक्तातला आकडा छान वर गेला होता, पाय मात्र जास्त बळकट झाले नाहीत. म्हणून २०२४ च्या गाईडलाईनमध्ये पन्नाशीच्या पुढच्यांना डी द्यायचंच असेल तर रोजचं थोडं द्या, मध्येमध्ये मोठा डोस नको, असं लिहिलंय. खरी कमतरता असेल तेव्हा आपल्याकडे आठ आठवड्यांचा कोर्स देतात ते वेगळं, तो डॉक्टर बघून देतात आणि थांबवतात.

मग डी चा उपयोगच नाही का? आहे, पण ज्याला कमी आहे त्याला. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये वृद्धाश्रमातल्या तीन हजारांवर म्हाताऱ्या बायकांना रोज ८०० युनिट डी आणि १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, दीड वर्षात खुब्याची फ्रॅक्चर ४३ टक्क्यांनी कमी झाली. त्या बायका घराबाहेर फारशा पडत नव्हत्या, ऊन नाही, खाणंही जेमतेम. उलट अमेरिकेत जवळपास २६ हजार धडधाकट लोकांना रोज २००० युनिट पाच वर्षं देऊन पाहिलं तर ना कॅन्सर कमी झाला, ना हार्ट अटॅक, ना फ्रॅक्चर. यातून मला एवढंच कळतं की खड्डा असेल तर भरा, खड्डा नसताना माती टाकून टेकडी करण्यात काही फायदा नाही. पंच्याहत्तरीच्या पुढे मात्र न तपासताही रोज थोडं डी द्यायला हरकत नाही असं ती २०२४ ची गाईडलाईन म्हणते. आईचं वय ७१, तिला हवं तर रोज सहाशे ते आठशे युनिट, आणि तिच्या कॅल्शियमच्या गोळीत आधीच डी असणार, पाकीट उलटून बघा, २५० किंवा ५०० लिहिलेलं असतं, मग वरून लागेल ते अगदी थोडंसं. तिला मुतखड्याचा त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम एकदम घेते हे वाचून मात्र मी थबकले. असं नाही करायचं, कॅल्शियम थायरॉईडच्या औषधाला आतड्यात धरून ठेवतं, ते अंगाला लागत नाही. थायरॉईडची गोळी पहाटे उठल्यावर रिकाम्या पोटी, कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासोबत, मध्ये निदान चार तास. डी सुद्धा जेवणाबरोबरच, जेवणात थोडं तेल तूप असलं की चांगलं शोषलं जातं. हे बदलल्यावर दीड दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या, कदाचित थायरॉईडचा डोस कमी करावा लागेल.

कोवळ्या उन्हाचं आता. आईचं वाईट वाटेल पण सातच्या उन्हात मन प्रसन्न होतं, झोप सुधारते, डी मात्र फारसं बनत नाही. डी बनवणारे जे किरण आहेत ते सूर्य खाली असताना हवेतच अडतात. सोपी खूण अशी, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर डी जवळजवळ बनत नाही, सावली आखूड झाली की बनतं. सोलापुरात मे महिन्यात साडेनऊच्या सुमारालाच सावली आखूड होते, डिसेंबरात मात्र सव्वाअकराच्या सुमाराला. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी फुकट, काच ते किरण अडवते, तेव्हा गॅलरीला काचा लावल्या असतील तर तेही बघा. आणि वय झालं की कातडीची डी बनवायची ताकद निम्म्याहून कमी होते, त्यात आपला सावळा रंग, पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज, डोक्यावर पदर, मग उघडं राहतं काय तर चेहरा आणि मनगटं. सोलापूरसारख्या उन्हाच्या गावातल्या माणसाचं डी ९ येतं याचं लोकांना नवल वाटतं, मला नाही वाटत. इतकं ऊन असतं की सगळे त्यापासून पळतात.

थंडीत आईला अकरा साडेअकराला गच्चीवर वीस पंचवीस मिनिटं बसू द्या, हात कोपराच्या वरपर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे, आठवड्यातून तीन चारदा. पण मार्च ते मे, ताई, कृपा करून नको. बेचाळीस डिग्रीत म्हाताऱ्या माणसाला दुपारी उन्हात बसवून डी मिळवायचं म्हणजे उष्माघाताला घरी बोलावणं आहे. त्या महिन्यांत साडेनऊला दहा मिनिटं, बस. आणि आईची गोळी चालूच असेल तर उन्हाची सक्ती करू नका, बसावंसं वाटलं तर बसू दे.

जेवणातून डी फार कमी मिळतं, शाकाहारी माणसाला तर नगण्यच. तारली, बांगडा या माशांत असतं, अंड्याच्या पिवळ्या भागात थोडं असतं, आई ते खाणार नाही. पिशवीच्या दुधावर निळ्या रंगात 'प्लस एफ' ची खूण असेल तर त्यात डी मिसळलेलं असतं, तेलाच्या पिशवीवरही असते, ती बघून घेत जा. कॅल्शियम मात्र आपल्या स्वयंपाकघरात भरपूर आहे. ज्वारीच्या भाकरीवर माझं प्रेम आहे पण तिच्यात कॅल्शियम फारसं नाही, नाचणीत ज्वारीच्या दहापटीहून जास्त आहे, आठवड्यातून तीन दिवस भाकरीच्या पिठात नाचणी मिसळा किंवा सकाळी आंबील द्या. तिळाची चटणी, ताक, दही, राजगिरा, आहेच.

औषध कशापासून बनतं हे विचारलंत, आईला खरं तेच सांगा. डी थ्री बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या तेलकट पदार्थापासून बनतं. लोकर कातरून काढतात, त्यासाठी मेंढी मारत नाहीत. पण मऊ कॅप्सूलचं वरचं आवरण बहुधा जिलेटिनचं, ते प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून येतं. साधी गोळी किंवा थेंब घेतले तर तो प्रश्न बहुतेक वेळा उरत नाही, आणि लोकरही चालत नसेल तर दगडफुलासारख्या लायकेनपासून (बुरशी आणि शेवाळ मिळून वाढतं ते) काढलेलं डी थ्री पण मिळतं, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. हा तिच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, तिला निवडू दे, "औषधाला काय चालतं" म्हणून लपवून देऊ नका.

एक शेवटची गोष्ट, आणि ही मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. माझ्या आईचं डी ३८ होतं. मी स्वतः बघायचे, वेळच्या वेळी. ती रात्री दोनला लघवीला उठली, दिवा लावला तर सगळे जागे होतील म्हणून अंधारातच गेली, बाथरूमबाहेरचं पायपुसणं सरकलं आणि खुबा मोडला. मी डॉक्टर असून माझं सगळं लक्ष रिपोर्टवर होतं आणि त्या पायपुसण्याकडे कधी बघितलंच नव्हतं. तेव्हा नाना रात्री दोनतीनदा उठतात हे वाचल्यावर माझ्या डोळ्यासमोर तुमच्या घरातला पलंगापासून बाथरूमपर्यंतचा रस्ता आला. आज रात्री स्वतः चालून बघा, दिवा बंद करून. पायात येणारी वायर, सुटं पायपुसणं, उंबरठा, ओली फरशी, झिजलेली सपाता. एक छोटा दिवा रात्रभर चालू ठेवा, कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या, टॉवेलचा दांडा चालत नाही, तो उपटून येतो. पलंगावरून एकदम उठायचं नाही, आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, बीपीच्या गोळीने उठल्या उठल्या चक्कर येऊ शकते. झोपेची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना सांगा. मोतीबिंदू पिकला असेल तर ऑपरेशन पुढे ढकलू नका.

आणि दोघांनाही व्यायाम. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, पाच वेळा, सकाळ संध्याकाळ, मग दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. ओट्याला धरूनच एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं. पडणं कमी करण्यात तोल आणि पायांच्या व्यायामाचा जेवढा पुरावा आहे तेवढा डी चा नाही. नाना रविवारी पुडी न चुकता घेत होते ना, त्यांच्यात शिस्त आहे, तीच शिस्त इकडे वळवा, रविवारच्या पुडीच्या जागी नानांनी आईचा व्यायाम घ्यायचा असं सांगून बघा, त्यांना आवडेल.

आईच्या हाडांची खरी शंका असेल, उंची कमी झालीय, पाठीला बाक आलाय किंवा किरकोळ पडून हात मोडला होता असं काही असेल, तर डी परत परत तपासण्यापेक्षा एकदा डेक्सा स्कॅन करून घ्या, हाडं ठिसूळ झालीत का ते त्यात कळतं आणि ठिसूळ असतील तर त्याची वेगळी औषधं आहेत, नुसत्या डी ने ते भरून येत नाही.

नानांचं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन आलं की मला आकडे लगेच कळवा, सोबत बीपीच्या गोळीची मात्रा पण लिहा.